गोळ्यांची बाटली



दिवाळी अंक घरात येतो तो सगळ्यांसाठी. आजोबांचा चाळून झाला की नातीच्या हाती जातो. म्हणूनच यंदा पहिल्याच पानावर एचआयव्हीबद्दल लिहीत आहोत.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या मुलींवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली हाती आले. लेनाकापावीर या औषधाचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी दिलेल्या ३,२०४ जणींपैकी ५५ जणींना झाली. दोष गोळीचा नव्हता. बहुतेकींनी ती नियमित घेतली नव्हती, हे रक्ततपासणीत दिसले.

का, ते आपल्याला कळायला हवे. एका खोलीच्या घरात गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? आईला दिसली तर विचारणार, कुणाबरोबर फिरतेस? मित्राला दिसली तर त्याला वाटणार, हिलाच तो रोग आहे. शिवाय बाटली पिशवीत खुळखुळते. इंजेक्शनाने ती बाटली गेली, पण दवाखान्याची पायरी राहिलीच. तिथल्या नर्सबाईंनी ‘या वयात?’ म्हणून भुवया उंचावल्या, की मुलगी परत येत नाही.

किमतीचे कोडे सोडवता येते. वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरातले एड्सचे उपचार मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने २००१ साली ३५० डॉलरला देऊ केले होते. आता अमेरिकेत २८ हजार डॉलरहून महाग असलेले हे इंजेक्शन हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७पासून गरीब देशांना वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत. मात्र एचआयव्ही रोखायला पैसा पुरवणारी परदेशी मदतच अमेरिकेने २०२५च्या जानेवारीत रोखली. पुढे थोडी सूट मिळाली, तीही प्रतिबंधक औषधापुरती फक्त गरोदर आणि स्तनदा मातांना. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने आधी गरोदर राहायचे, मग संरक्षण मागायचे! हा निर्णय क्रूर होता.

आपणही फार पुढे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. त्याच महाराष्ट्राने २००७ साली शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला.

वाचकहो, हा अंक कपाटात ठेवू नका, बैठकीच्या खोलीत राहू द्या. आणि घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने काही विचारले, तर ‘तुला कशाला हव्यात या चौकश्या?’ असे कृपा करून म्हणू नका.