शांतता रोज विणायची

१९८४ साली भिवंडी दंगलीत होरपळली. १९८८पासून तिथे मोहल्ला समित्या सुरू झाल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसोबत नियमित बसू लागले. किरकोळ तंटे तिथेच मिटू लागले. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, पण जवळची भिवंडी शांत राहिली.

दंगलीच्या दिवशी शांतता उभी करता येत नाही. ती आधी, रोज विणावी लागते. नळावर कुणी ‘ते लोक तसलेच’ म्हणालं, तर ‘तू स्वतः पाहिलंस?’ असं विचारायचं. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर दार ठोठवायचं. बाईनं मुकाट सोसणं ही शांतता नव्हे.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारूया: दुसऱ्या धर्माच्या शेजारणीकडे चहाला आपण शेवटचं कधी गेलो होतो?