वर्गणीची पावती आणि शनिवारची दुपार

एक साधा प्रश्न. वर्गणीची पावती फाडून झाल्यावर तुमच्या संघटनेचा फोन पुन्हा कधी आला? अधिवेशनाला, नाहीतर मोर्चाला. बरोबर ना?

मोर्चाचं मोल मला कळतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा एकजूट म्हणजे काय ते नव्या शिक्षकांनीही पाहिलं. मग संप मिटला, आपण आपापल्या वाडीवरच्या शाळेत परतलो आणि संघटना तालुक्यालाच राहिली. दोष एकट्या पदाधिकाऱ्यांचा नाही. मीसुद्धा पावती खिशात घालून मोकळा होणाऱ्यांपैकीच.

पण आता टीईटीचं बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. त्याहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण बढती हवी तर परीक्षा आलीच. निवेदनं द्या, कोर्टात बाजू मांडा, ते व्हायलाच हवं. तोवर पुस्तक मिटून बसायचं का?

पहिली ते पाचवीच्या पेपरात १५० प्रश्न: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. वीस वर्षं दुसरीला बाराखडी शिकवणाऱ्या बाईंनी पियाजेच्या अवस्था डीएडला पाठ केल्या होत्या, त्या आता कुठे आठवणार? आणि घरी विचारायचं कुणाला? लाज वाटते हो, बोलत नाही कुणी.

शनिवारी आपली सकाळची शाळा असते. सुटल्यावर कशेळे, कडाव, नेरळ, जिथे ज्याला सोयीचं तिथे दोन तास बसता येईल. शिकवायला बाहेरचा कोणी नको. नव्याने लागलेली मुलं-मुली हीच परीक्षा देऊन आली आहेत. त्यांनी गणित, इंग्रजी घ्यावं. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघालेलं कातकरी पोर शाळेत कसं टिकवायचं, सेवापुस्तकातली नोंद कशी तपासायची, हे जुन्यांनी त्यांना सांगावं. ते कुठल्याच गाईडमध्ये नाही.

‘संघटना म्हणजे काय क्लास आहे?’ असं कोणी म्हणेलच. त्यांना आपल्याच भागातले भाई कोतवाल आठवावेत. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, हे आपण दरवर्षी मुलांना सांगतो. त्याआधी त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, धान्यकोठ्या उभ्या केल्या, हे मात्र भाषणात एका वाक्यात उरकतो. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकऱ्याला सावकाराकडे जावं लागू नये म्हणून त्या कोठ्या होत्या. माणसं त्यांच्यामागे उगाच नाही गेली.

तर यंदा पावतीपुस्तक घेऊन कोणी आलं, की वर्गणी जरूर द्या. फक्त देताना विचारा: येत्या शनिवारी कुठे बसायचं, आणि गणिताला कोण आहे?