बोट थांबणार दहा तास, पास पंचवीस ठिकाणांचा!

परवा रात्री मावसभावाचा फोन. मूळचा शहाद्याचा, पण पंधरा वर्षं परदेशात. बायको-मुलांना घेऊन क्रूझने येतोय. बोट मुंबईत एकच दिवस थांबणार, सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार. मला म्हणे, "दादा, तू पत्रकार माणूस. नेटवर मुंबई दर्शनाचा एक पास दिसतोय. एकदाच पैसे भरा, पंचवीस ठिकाणं बघा. घेऊन टाकू का?"

म्हटलं, अजिबात नको.

पण फोन ठेवल्यावर वाटलं, हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी घड्याळ बघू. बोट आठला लागली म्हणजे आपण आठला रस्त्यावर आलो, असं होत नाही. बाहेरच्या देशातून आलेली बोट असेल तर इमिग्रेशन असतं, रांग असते. साडेनऊ धरा. सुटायच्या निदान तासभर आधी बोटीवर परत हजर व्हायचं असतं. मुंबईचं ट्रॅफिक धरलं तर शहाण्या माणसाने चारला परत फिरावं. राहिले किती? साडेसहा तास. त्यात पोरांची भूक, पाणी, बाथरूम सगळं आलं. बोटवाल्यांच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा वाट बघते. तुम्ही तुमचे फिरत असाल तर ती तुमच्यासाठी थांबत नाही. पास विकणारा काही बंदरावर दोर धरून उभा राहणार नाही.

आता नकाशा. मुंबईत क्रूझ लागते बॅलार्ड पिअरला. तिथून सीएसएमटी पायी वीसेक मिनिटांवर. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं स्टेशन, बाहेरून बघायला तिकीट लागत नाही. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, गेटवे, सगळं त्याच टापूत. ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ मध्ये त्याच यादीत गेल्या. हे सगळं फुकट! मग पास कशाचा?

घारापुरीला जायचं म्हणाल तर गेटवेवरून लाँचने जायला तास, यायला तास, वर चढायला पायऱ्या आणि लेणी बघायला निदान दीड तास. लाँचची वाट बघणं धरलं तर पाच तास गेले. सोमवारी लेणी बंद. म्हणजे घारापुरी केली की उरलेली चोवीस ठिकाणं त्या पासवर नुसती वाचायची. पंगतीत पंचवीस पदार्थ मांडलेत, पण पंगत उठायला पाच मिनिटं उरलीत, अशी गत.

काही मित्र म्हणतील, पासमुळे रांग टळते, म्हाताऱ्या माणसांची सोय होते. मान्य. दोन-तीन दिवस मुक्काम असेल, सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील, तर दारातून नेणारी-आणणारी गाडी जरूर घ्यावी. पण एका दिवसासाठी माझा नियम साधा आहे. जिथे नक्की जाणार अशी तीन ठिकाणं कागदावर लिहा, त्यांच्या सुट्या तिकिटांची बेरीज करा. पास त्याहून स्वस्त असेल तरच घ्या. आणि 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास की त्या तारखेपुरता, एवढं विचारून घ्या. बहुतेक वेळा बेरीज करतानाच पास गळून पडतो.

आता मुद्द्याचं. एक दिवसाचा पाहुणा फक्त बोटीनेच येतो का?

आपल्या जिल्ह्यातून रोज माणसं मुंबईला जातात. कुणी रात्रीची गाडी धरून सुरतमार्गे, कुणी धुळे-नाशिकवरून बसने. कुणाचं मंत्रालयात काम, कुणाचा पेशंट परळला टाटामध्ये. सकाळी उतरायचं, रात्री परत. लॉजचं भाडं परवडत नाही म्हणून. धडगावचा माणूस आणि क्रूझचा माणूस, दोघांच्या हातात तेवढेच तास. फरक एवढाच, की एकाच्या दहा तासांची सरकारला काळजी आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. चांगलं आहे, माझा विरोध नाही. पण टर्मिनलबाहेर पडलेला प्रवासी पुढे कशाने फिरणार? मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली, हे झकास झालं. आणि बेस्ट? मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झालं, दिवसाचा पास साठवरून पंच्याहत्तर. एकेकाळी चार हजारांवर गाड्या पळवणाऱ्या बेस्टकडे स्वतःच्या मालकीच्या गाड्या त्याच वर्षी काहीशेच उरल्या होत्या, बाकी भाडेतत्त्वावर. १९९७ पासून पर्यटकांना मुंबई दाखवणारी जुनी उघडी डबल डेकर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद पडली.

पंच्याहत्तर रुपयांचा तो पास हाच खरा मुंबईचा सिटी पास. तो क्रूझवाल्यालाही चालतो आणि टाटाला निघालेल्या आपल्या माणसालाही. पण स्टॉपवर अर्धा तास बसच आली नाही, तर तो पास म्हणजे कागदाचा चिटोरा. शहराने आधी बस द्यावी, दर दहा मिनिटांनी. मग पंचवीस ठिकाणांचे रंगीत पास विकायची गरजच राहत नाही.

आणि मुंबईला नावं ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' योजना १९८८ पासूनची. सुंदर नाव, चांगली योजना. पण पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. सुरतेहून सकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरलेल्या माणसाला प्रकाशा करायचं, तोरणमाळ बघायचं आणि रात्री परतायचं असेल, तर तो चार दिवसांचा पास घेऊन काय करील? तो स्टेशनबाहेर जीपवाल्याशी घासाघीस करतो. त्याचे पैसे एसटीला मिळत नाहीत आणि आपल्या गावाची एसटी तोट्यात म्हणून फेरी बंद होते.

एसटीने २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना फुकट प्रवास दिला, २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट दिलं. ना पंचवीस ठिकाणांची यादी, ना 'ऑफर संपत आली'ची घाई. बस आली, चढलो, बसलो. सवलत अशी असते. मग जिल्ह्यापुरता एक दिवसाचा पास काढायला काय हरकत आहे? सोबत तोरणमाळला सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, वेळेवर सुटणारी एक गाडी. मागणी एवढीच आहे. आपले लोकप्रतिनिधी दर डिसेंबरला सारंगखेड्याच्या यात्रेत पर्यटनावर भाषण करतात, यंदा याचं उत्तर घेऊन यावं.

मावसभावाला शेवटी लिहून पाठवलं: पास घेऊ नको. सीएसएमटीपर्यंत चालत जा, पोरांना बेस्टच्या खिडकीत बसव, गेटवेला कटिंग पाज आणि चारला परत फिर. त्याचं उत्तर आलं, "दादा, बस मिळेल ना नक्की?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी कमेंटमध्ये खरं काय ते सांगा.