आधी उजेड बघा, मग यंत्र निवडा

संगमनेरहून भटकायला निघताना फोन पुरे की कॅमेराही घ्यायचा, हे ठिकाण आणि वेळ ठरवते. पेमगिरीचा एकराहून मोठा पसारा असलेला वड टिपायला फोनच सरस. त्याची वाइड लेन्स पारंब्यांचं रान कवेत घेते आणि अनेक फ्रेम आपोआप जुळवून तो झाडाखालची सावली व बाहेरचं ऊन दोन्ही सांभाळतो. १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या शिड्या चढतानाही खिशातला फोनच बरा. पण पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, की गणित उलटतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, फोनचा जेमतेम नखाएवढा. ट्रायपॉडवर तीस सेकंद शटर उघडं ठेवलं, की एकेक लुकलुक फोटोत साठत जाते. फोनचा नाइट मोड मात्र क्षणभर चमकलेला ठिपका नॉइज समजून पुसूनही टाकू शकतो. व्हॉट्सॲपवर दोन्ही फोटो सारखेच दिसतील, भिंतीसाठी मोठा प्रिंट काढा, मग फरक कळेल. फ्लॅश मात्र दोन्हींचा बंदच ठेवा. काजवे जोडीदार शोधतात ते त्या लुकलुकीवरच, आणि आपल्या झगमगाटात त्यांचा इशारा हरवतो.