सगळंच ‘टॉक्सिक’ कसं असेल?

परवा दादरला वडापावच्या गाडीवर आमचा ग्रुप जमला होता. सर टॉक्सिक, प्रोजेक्टचा पार्टनर टॉक्सिक, रात्री दहाच्या आत घरी बोलावते म्हणून आईसुद्धा ‘जाम टॉक्सिक यार’! मग एक मैत्रीण हळूच म्हणाली, ‘माझं रिलेशनपण टॉक्सिक झालंय.’ आम्ही हसलो आणि चटणी मागितली. तो रोज तिचा फोन तपासतो, मैत्रिणींना भेटू देत नाही, हे आम्हाला खूप नंतर कळलं.

ती सांगत होती, पण आम्हाला ऐकूच आलं नाही. कारण तो शब्द आपण वापरून वापरून बोथट करून टाकलाय.

खरं तर हा शब्द आला बाणाच्या टोकावरून. ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या विषाला त्यावरून नाव पडलं आणि पुढे इंग्रजीत ‘टॉक्सिक’ म्हणजे विषारी झालं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डने याच शब्दाला ‘वर्ड ऑफ द इयर’ ठरवलं. आता तो स्टेटसपासून मीम्सपर्यंत सगळीकडे आहे.

विषाचं म्हणाल, तर आपल्या परळची हाफकिन संस्था आठवा. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी तिचं नाव आहे. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. ते बनवताना याच चौघांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात. म्हणजे विष कोणाचं, हे आधी ठाऊक असावं लागतं. नुसतं ‘काहीतरी विषारी आहे’ म्हणून औषध तयार होत नाही.

माणसांचंही तसंच आहे. आई कडक आहे. सर बोअर करतात. पार्टनर कामचुकार आहे. यातलं विषारी काहीच नाही, आणि यातल्या प्रत्येकावर वेगळा उपाय आहे. पण कुणी पाळत ठेवतं, चारचौघांत पाणउतारा करतं, ‘सोडून गेलीस तर बघ’ म्हणून धमकावतं, तेव्हा तो छळ असतो. त्याला छळच म्हणा. मराठीत शब्दांची काय कमी आहे?

आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी ‘टॉक्सिक’ म्हणालं, तर हसण्याआधी एवढंच विचारा, ‘म्हणजे नक्की काय होतंय?’ आम्ही ते विचारलं नव्हतं.