निकोमेडियातील आग

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची चर्चा निघाली, की नीरोसारखे विलासी सम्राट आणि सरहद्दीवरील रानटी टोळ्या यांच्याकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. दुष्ट राज्यकर्ता आणि बाहेरचा शत्रू ही कारणे समजावयास सोपी असतात आणि ती सांगितली की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. परंतु साम्राज्य ऐन भरात असताना, उत्तम म्हणून गणल्या गेलेल्या सम्राटाच्या कारकीर्दीत प्रांतांतील नगरांचा कारभार कसा चालत होता, हे पाहिले तर अधिक बोधप्रद व अधिक अस्वस्थ करणारे उत्तर हाती येते.

इ. स. ९६ ते १८० हा मानवजातीच्या सर्वाधिक सुखाचा काळ, असा निर्वाळा गिबनने दिला. ट्राजन याच काळातला. त्याने ९८ ते ११७ पर्यंत राज्य केले आणि साम्राज्याच्या सीमा कमाल मर्यादेपर्यंत नेल्या. त्यानेच ११०च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील बिथिनिया-पोंटस या प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, प्लिनी या विश्वासू अधिकाऱ्याला खास अधिकार देऊन पाठविले. तेथील नगरांचे हिशेब विस्कटले होते आणि ते ताळ्यावर आणावयाचे होते. या काळात सम्राट व अधिकारी यांच्यात झालेला पत्रव्यवहार सुदैवाने शिल्लक आहे. साम्राज्याच्या राज्ययंत्राचे इतके जवळून दर्शन अन्यत्र क्वचितच घडते.

केंद्राने लक्ष घालावे अशी परिस्थिती होती, यात शंका नाही. निकोमेडिया नगराने एका जलवाहिनीवर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स खर्च केले आणि काम अर्धवट टाकले. त्या काळी रोमन सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे सुमारे पावणेतीन हजार सैनिकांचा वर्षाचा पगार पाण्यावाचून वाहून गेला. निकियात एक कोटीहून अधिक रक्कम गिळून बसलेल्या नाट्यगृहाच्या भिंतींना पुरी होण्यापूर्वीच तडे गेले होते. या दोन नगरांत पहिले स्थान कोणाचे, यावरून हाडवैर होते आणि सार्वजनिक इमारती ही त्या चढाओढीची साधने बनली होती. जलवाहिनीच्या कामात कोणी कोणाचे हित साधले याचा छडा लाव, असे ट्राजनने प्लिनीला बजावले. ते योग्यच होते.

पण हाच पत्रव्यवहार पुढे वाचला की दुसरी बाजू दिसू लागते. प्रुसा येथे नवे स्नानगृह बांधावे काय, अमास्ट्रिसच्या भर रस्त्यातून वाहणारे गटार झाकावे काय, असे प्रश्न राजधानीकडे जाऊ लागले. मोजणीदार पाठवा, वास्तुतज्ज्ञ पाठवा, अशा मागण्या होऊ लागल्या. रोममधील कामांनाच मोजणीदार पुरत नाहीत आणि जाणकार माणसे प्रत्येक प्रांतात मिळतात, असे सम्राटाला कळवावे लागले. नगरांचा पैसा पडून राहू नये म्हणून नगरसभेच्या सदस्यांच्या गळ्यात सक्तीने कर्ज बांधावे, ही प्लिनीची सूचनाही ट्राजनने अन्याय्य म्हणून फेटाळली. सम्राट विवेकी होता आणि अधिकारी निःस्पृह होता. दोष व्यक्तींचा नव्हता, म्हणूनच पुढील प्रसंगाचे महत्त्व अधिक आहे.

निकोमेडियाला मोठी आग लागली. अनेक घरे व दोन सार्वजनिक वास्तू जळून खाक झाल्या. वारा जोराचा होता हे खरे, पण लोक हात बांधून पाहत उभे राहिले, असे प्लिनी नमूद करतो. साऱ्या नगरात सार्वजनिक मालकीचा एक बंब नव्हता, एक बादली नव्हती. तेव्हा केवळ १५० कारागिरांचे अग्निशामक पथक उभारण्याची परवानगी त्याने मागितली. इतक्या थोड्या लोकांवर नजर ठेवणे अवघड नाही, अशी ग्वाहीही दिली. ट्राजनने नकार दिला. लोक कोणत्याही नावाने व कोणत्याही हेतूने एकत्र आले तरी त्यांचे लवकरच राजकीय टोळके बनते, या प्रांताला अशाच मंडळ्यांनी त्रास दिला आहे, हे त्याचे कारण. साधने पुरवावीत आणि घरमालकांनी जमावाच्या मदतीने आग विझवावी, एवढीच त्याची अनुज्ञा. खुद्द रोममध्ये मात्र ऑगस्टसने इ. स. ६ मध्येच सात तुकड्यांचे अग्निशामक दल उभारले होते!

सम्राटाची भीती अगदीच निराधार नव्हती. त्या नगरांत तंटे होते, गट होते. परंतु बादली घेऊन धावणाऱ्या दीडशे माणसांची ज्या सत्तेला धास्ती वाटते, ती आग लागल्यावर बघ्यांना दोष देऊ शकत नाही. स्वतः काही करण्याची मुभा नसली, की करण्याची सवय सुटते. सवय सुटली, की वरून माणूस पाठवावा लागतो आणि तो आला, की उरलीसुरली जबाबदारीही वरच जाते.

एवढ्यानेच साम्राज्य कोसळले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण नंतरचा इतिहास त्याच दिशेने गेला, हे नाकारता येत नाही. कॅराकॅलाने २१२ मध्ये जवळपास सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. नागरिकांची संख्या वाढली, नागरिकत्वाचा अर्थ मात्र आटत गेला. ज्या नगरसभेत बसणे हा एके काळी बहुमान होता, तीत बसणे चौथ्या शतकात शिक्षा वाटू लागले, कारण करवसुलीची तूट सदस्यांना पदरमोड करून भरावी लागे. पद सोडून पळणाऱ्यांना परत आणण्यासाठी सम्राटांना फर्मानांवर फर्माने काढावी लागली. ४३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिओडोशियसच्या संहितेत या एका विषयावर दीडशेहून अधिक कायदे आहेत.

नागरिकांना कायद्याने नगरसभेत डांबता येते, त्यांच्या मनात नगराविषयी आस्था मात्र कायद्याने निर्माण करता येत नाही. साम्राज्याचे बळ सरहद्दीवरच्या तटबंदीवरून मोजले जाते. निकोमेडियातील आग सांगते, की ते गल्लीतल्या बादलीवरूनही मोजले पाहिजे.