'झकास' कुणाचे?

२०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, चेहरा, आवाज आणि त्यांचे ते 'झकास' परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला अंतरिम मनाई केली. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांनी 'भिडू'साठीही असेच संरक्षण मागितले.

चेहरा आणि आवाज ज्याचा त्याचा, हे मान्यच. यंत्राने नक्कल करून कुणाच्या तोंडी भलतीच जाहिरात घालणे ही चोरीच आहे. पण शब्दांचे काय? खो-खोला भिडू निवडताना पोरे कुणा नटाला विचारत नाहीत. नटाचा ढंग नटाचा. शब्द आपणा सर्वांचा. उद्या एखाद्याने पाटीवर नुसते 'झकास वडापाव' लिहिले, तर त्याला नोटीस येता कामा नये. ही रेषा न्यायालयांनी स्पष्ट आखावी. तुम्हाला काय वाटते?